खोडलेली ओळ

आगाशीच्या थांब्यावर विरारच्या बसची वाट पाहत सरोजिनीताई जपमाळ ओढत होत्या, कान मात्र शेजारच्या बाकाकडे होते. तिथं मोकळ्या कपाळाची कृष्णाबाई आणि मांडीवर श्रावणातल्या कहाण्यांचं जुनं पुस्तक घेतलेली तिची पुतणी जागृती बसली होती.

“काकी, उद्या आजीच्या जागी मी वाचणार. ती विधवेनं कहाणी ऐकू नये म्हणणारी ओळ मी खोडून टाकलीय.”

“शाळा शिकून खोडायलाच शिकलीस?”

“तुझ्यासमोर कशी वाचू ती?”

“तुझा काका गेला त्या श्रावनात सासूबायनी ती खनखनीत वाचली. मी आत चुलीपाशी होते. मग त्या उठल्या, मला हाताला धरून बाहेर आनलं, मुठीत अक्षता दिल्या आनि पुढची कहानी वाचली.”

“त्याच वर्षी फक्त?”

“दरवर्षी. त्या ओळीवर थांबायच्या, अक्षता द्यायच्या.”

“आता काय करू? बॉलपेननं पार गिरवलीय, वाचताच येत नाही.”

“तिथं आलीस की थांब. मला पाठ आहे, मी म्हनते. तू अक्षता दे.”