जावयाची प्लेट उन्हात

जॅझचं नाव काढू नका माझ्यापुढे. त्यापायी पहिल्याच दिवाळसणाला मी जावई गमावणार होतो.

जावई मुंबईचा. वसईजवळच्या गासला आमच्याकडे येताना रेकॉर्ड प्लेअर आणि परदेशातून मागवलेल्या जॅझच्या दोन प्लेटी घेऊन आला. एक त्याच्या वडिलांच्या काळातली, एक अगदी नवी. जुनी ऐकली, मला आवडली. नवी लावायच्या आधी तो मुलीला घेऊन किनाऱ्यावर फिरायला गेला.

बायको केळी सोलून उन्हात वाळवून सुकेळी करत होती. तिचा चिकट हात नव्या प्लेटीला लागला. तिने ती धुतली आणि केळ्यांशेजारी चटईवर उन्हात वाळत घातली! मी पाहिलं तोवर काठ पापडासारखा वर आला होता. तशीच गरम, मसाल्याच्या पाट्याखाली दाबून सपाट केली आणि लावून पाहिली. भोंगा एकीकडे, ढोल दुसरीकडे, मध्येच कुणी किंचाळतंय.

"गेली," मी म्हणालो.

बायको रडायला लागली. "आता पोरीला काय काय ऐकावं लागेल हो!"

जावई आल्यावर मी लपवलं नाही. "जावईबापू, तुमची नवी प्लेट आमच्याकडून उन्हात बिघडली. भरून देऊ."

त्याने ती लावली आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. आमचा जीव टांगणीला.

"मामा, काही बिघडलेलं नाही. नवं जॅझ असंच असतं."

"असं? मुद्दाम?"

"मुद्दाम."

बायकोने देवापुढे साखर ठेवली. निघताना जावई म्हणाला, "प्लेट ठेवून जाऊ का, तुम्हाला ऐकायला?"

मी म्हटलं, "सुकेळी हवी तेवढी न्या. पण ही प्लेटही न्या."