धोटे मॅडमचं वीतभर झाड

हॅलो?… हॅलो, कोण?… अगंबाई, मॅडम! नमस्ते, नमस्ते… हो, नंबर सेव्ह आहे ना, पण संस्कृतीनं फोन तोंडात घातला होता, नावच दिसेना… हो, जेवले… झाडाचं?… हो, हो, झाडाचंही झालं सकाळीच.

रूपा पिठाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यावर टेकली. धोटे मॅडम म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, नरेंद्रच्या मोठ्या साहेबांच्या मिसेस. झाड म्हणजे त्यांचं बोनसाय. बुटक्या जातीचं बॉक्सवूड, वय रूपाच्या लग्नाहून जास्त आणि उंची वीतभर. उन्हाळ्यात मॅडम लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला निघाल्या, तेव्हा वाशीमहून खास गाडी करून ते रूपाच्या मांडीवर ठेवून गेल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, तुमच्या यांच्या बदलीचं साहेबांच्या कानावर घालते. नरेंद्रची नोकरी गडचिरोलीच्या पार टोकाला. त्याची लेक संस्कृती त्याला मोबाइलमध्ये राहणारा माणूस समजत होती. तेव्हा त्या दिवसापासून या घरात लाड एकाच लेकराचे झाले, आणि ते लेकरू ट्रेमध्ये होतं.

फोटो? पाठवला ना मॅडम सकाळी… कालच्यासारखाच दिसतो?… परवाच्यासारखापण?… आता झाड आहे मॅडम, रोज किती बदलणार!… हो, माती बोटानं बघायची, वरची सुकली की मगच पाणी… पानांवर फवारा, हो… नवी पानं चिमटीनं खुडायची, कात्री नाही… युरिया? छे, छे! युरियाची गोणी त्या खोलीत येऊ दिली नाही मी… कूलर ना? अख्खा उन्हाळा त्याच्याकडेच तोंड करून होता. संस्कृती टेबलफॅनवर… नाही, नाही, घामोळ्या तिला आल्या. झाडाला काही नाही झालं… हो ना, देवाची कृपा.

काय?… वाशीमला आलात? कधी?… अरे वा… गाडी? कोणती गाडी?… आज?… ड्रायव्हर निघालासुद्धा?… वाटेतलं मालेगाव सोडलं त्यानं!… नाही, नाही, आनंदच झाला. एक मिनिट हं मॅडम, दूध उतू चाललं.

दूधबीध काही नव्हतं. रूपानं फोन पोटाशी दाबला आणि न्हाणीकडं तोंड करून सासूला हाक घातली.

आत्याबाई! अवो आत्याबाई! मामाजी कुठं हायेत?… वावरातच? अजून?… आन् त्या झाडाचा ट्रे कुठं ठेवला तुमी?… कोंबड्याईले पानी? त्याच्यात?… घ्या! आता कोंबड्याईची बदली करा लागते!

झालं होतं असं. गावातली माणसं साहेबांचं झाड बघायला येत, आणि बघून झाल्यावर तिच्या सासऱ्याकडं, शेषरावकडं बघत. ज्या माणसाच्या वावरातली सोयाबीन पंचक्रोशीत नजर लागण्यासारखी, त्याच्या घरात वीस वर्षांचं झाड वीतभर? कुणीतरी पान खाता खाता बोलून गेलं, शेषराव, याले जेवाले देत नाही काय तुमची सून? ते शेषरावला लागलं. पंधरवड्यापूर्वी रूपा लेकीला घेऊन दवाखान्यात गेली, तेवढ्यात त्यानं फांद्यांभोवतीची तार पक्कडीनं कापली, झाड ट्रेमधून मोकळं केलं आणि वावराच्या धुऱ्यावर, बांधावर नेऊन लावलं. बुडाशी दोन पाट्या शेणखत. वर म्हणाला, तीन वर्षांत याच्या सावलीत बैल बांधतो. बुटकी जात ती, तिच्या सावलीत कोंबडी बसली तरी पुष्कळ. पण ते सांगणार कोण? रूपा पाया पडली, सासू भागिरथा भांडली. शेषरावचं एकच. भुईत रुजलेलं मी उपटत नाही. मग रूपानं जुने फोटो पाठवायला काढले. रोज एक.

तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि धुऱ्याच्या दिशेनं चालायला लागली.

हां मॅडम, आले… धाप? नाही, ते… झाडाकडेच चालले आहे… हो, जागा बदलली थोडी. मोकळ्या हवेत ठेवलंय… सकाळचं ऊन येतं ना, पूर्वेकडूनच… निचरा? निचरा एकदम छान. पाणी थांबतच नाही तिथं… खिडकी? नाही, खिडकी नाही, मोठी आहे जागा… हो, हो, मॅडम, ऐका ना… पण इतकी घाई कायले… कशाला, म्हणते मी. चार दिवस आराम करा, मग न्या.

साहेबांची?… बदली?… अचानक?… कुठं, मॅडम?

कुठं?

सोयाबीनच्या दोन ओळींच्या मध्ये रूपा उभीच राहिली. संस्कृतीनं तिच्या बांगडीला हात घातला, तोही तिला कळला नाही.

नाही, आहे मी लाइनवर… यांच्याच तिथं? यांच्याच ऑफिसात?… हं… हं… नागपूरच्या मोठ्या साहेबांच्या मॅडम… त्यांना बोनसायचं वेड… असं जुनं बॉक्सवूड त्यांच्याकडे नाही… कळलं. म्हणजे हे झाड त्यांना द्यायचं, आणि त्या त्यांच्या साहेबांच्या कानावर घालणार… नाही, नाही, समजलं मला. मला नाही समजणार तर कोणाला समजणार, मॅडम?

रडू नका हो… हो, नातू लहान आहे… आता तर ओळखायला लागला असेल आजोबांना… परत येईपर्यंत विसरून जाईल?… होते असं. लेकरं विसरतात… हो. मले समजते.

मॅडम, एक विचारू? आमच्या यांचं… साहेबांच्या कानावर घातलं होतं ना तुम्ही?… राहूनच गेलं… हो, बाळंतपणाच्या गडबडीत… बरोबर आहे. राहते.

धुऱ्यावर शेषराव बसला होता. मोडक्या काड्यांची छत्री त्यानं स्वतःवर नाही, झाडावर धरली होती. झाडाच्या टोकांना पोपटी पालवी फुटली होती, बारीक, तांदळाच्या दाण्याएवढी. सुनेला बघून त्यानं छत्री अजून खाली घेतली.

मॅडम… ऐका. झाड ट्रेमधी नाही. वावरात हाये… हो. जमिनीत… ओरडू नका, लेकरू दचकते… तार नाही आता. मामाजीनं काढली… फोटो जुनेच होते थे. चूक झाली… मेलं? कायले मरन! चांगली पालवी फुटली. आन् उंच नाही झालं, तुमी घाबरू नका. दोन पाट्या शेणखत खाऊन वीतभरच हाये… नाई वो, ड्रायव्हरले खोदू देत नाहीत मामाजी. मलेबी देत नाहीत. छत्री घेऊन बसले हायेत.

साहेबाईनं चार्ज देला काय?… परवा देनार?… मंग आज त्याईची सही चालते ना, मॅडम?… यांचा अर्ज साहेबांच्या टेबलावरच हाये, दोन वर्षं झाले… धमकी? कायची धमकी? झाड तुमचंच हाये, न्या ना. पन मामाजी त्याच्याजवळून उठत नाहीत. त्याईचा लेक घरी येते म्हटलं तर उठतीन. दुसऱ्या कशानं नाही उठत… पाहा बुवा तुमी. गाडी तर आलीच अशीन आता.

कोन?… साहेब? नमस्कार साहेब… नरेंद्र… नाही, नरेंद्र. नरेंद्र शेषराव… तुमच्याच खात्यात हायेत साहेब, चार वर्षं झाले… हो, तुमी चालले ना, तिथंच… अर्ज? खाली पाहा साहेब, पार खाली अशीन… हो, होल्ड करतो.

लेक खाली उतरायला धडपडत होती. रूपानं तिला धुऱ्यावर सोडलं. ती सरळ आजोबाच्या छत्रीखाली जाऊन झाडाशेजारी बसली. बसल्यावर दोघांची उंची कळली. झाड तिच्या खांद्यालाही लागत नव्हतं.

हां साहेब… सापडला?… कसं हाये तिकडं? मंजे… माणसं चांगली हायेत म्हणतात हे. पानी भरा लागते. लाइट जाते. पावसात रस्ता बंद होते, मंग राहा लागते तिथंच… फोन लागते, टेकडीवर गेलं की… नाही साहेब, आमी नाही गेलो कधी. तान्हं लेकरू घेऊन कसं जावं… हो. सवय होते म्हणतात. यांना नाही झाली.

पाठवला?… थांबा, पाहतो.

ओल्या स्क्रीनवरून तिनं अंगठा फिरवला. पीठ लागलं. ओढणीनं पुसून पुन्हा बघितलं, अक्षर न् अक्षर.

आलं साहेब… नाव बरोबर हाये… सही हाये… तारीख मागच्या आठवड्याची टाकली? टाका. आमाले चालते.

मामाजी… अवो मामाजी, छत्री ठेवा खाली… वाशीमले. वाशीमले आले हे. कागद आला… खरंच. हे पाहा. साहेबांची सही… घरीच राहतीन, हो. रोज… अवो, रडून काय राह्यले तुमी लेकरासमोर…

शेषरावनं छत्री मिटली. खुरपं हाताशी असूनही घेतलं नाही. बोटांनीच त्यानं झाडाच्या चहूबाजूंनी, लांबून, माती सैल करायला घेतली. एकदा थांबला, पालवीवरची माती फुंकली, आणि पुन्हा लागला.

हॅलो?… हो साहेब, काढून राह्यले… मुळाची माती सुटू देत नाही, हळूच काढून राह्यले… हो, मॅडमले सांगा… सांगतो ना, पन आता फोन ठेवतो साहेब. दोन्ही हात लागतात याले.