पंथातली शेवटची

हरिशंकरपुरमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वृद्ध बाई आणि त्यांच्या भावाची नात बसल्या होत्या.

"कंप्यूटरात धर्म कसा जन्मतो ग, राजलक्ष्मी?"

"आत्याआजी, मी त्यात हजार काल्पनिक माणसं बनवते. त्यांचं काहीतरी हिरावून घेते आणि ती कुणाभोवती जमतात ते बघते. पणजोबांच्या पंथावरूनच सुचलं."

"संस्थान विलीन झालं आणि आबांची, तुझ्या पणजोबांची, पलटण मोडली. बिनकामाचे शिपाई संध्याकाळी किला गेटला आमच्याकडे येऊन बसत. आबा नुसते गप्प असत. लोकांना तेच ध्यान वाटलं."

"तेच तर! प्रोग्राममधून पणजोबांना काढलं, तरी पंथ उभा राहतोच. त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी बसतं, बस."

"म्हणजे आबा नसते तरी चाललं असतं?"

"सॉरी, आत्याआजी. मेरा वो मतलब नहीं था."

"त्यांची गादी सांभाळायची म्हणून मी लग्न केलं नाही. आता संध्याकाळी तिथे मी एकटीच बसते. एकच माणूस उरलं, की तुझा कंप्यूटर काय करतो?"

"पंथ संपला असं धरतो."

"मग आज तू ये. विश्वास ठेवू नकोस, नुसती शेजारी बस."

"येते, आत्याआजी."