पिशोरच्या काकांची मान

अगं, शीर रुसते असं मला एकदा खरंच वाटलं होतं. पिशोरहून आलेले एक काका आमच्या ऑपरेशन टेबलावर होते. भूल देण्याआधी मला त्यांच्या मानेतल्या शिरेत नळी घालायची होती. शीर फुगावी म्हणून टेबल डोक्याकडून खाली केलं, काकांचं तोंड डावीकडं वळवलं. सोनोग्राफीत शीर झकास दिसली. सुई उचलून विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?"

"व्हय म्याडम."

शीर गायब!

थांबले, तर परत आली. म्हटलं, "आता टोचेल हं."

"टोचू द्या की."

परत गायब! मला काही कळेना. मशीनच बिघडलं असेल म्हणून दुसरं मागवलं, तरी तेच. शेवटी स्क्रीनवरची नजर काढून खाली बघितलं, तर काका मान उचलून माझ्याकडं बघत बोलत होते. मान उचलली की शीर दबायची!

"काका, तोंड तिकडंच ठेवा म्हटलं होतं ना!"

"तोंड फिरवून बोलायला आपलं काय भांडण झालंय का म्याडम?"

मग सिस्टरला डावीकडं उभं केलं आणि काकांच्या बकऱ्यांची चौकशी करायला लावली. नळी लगेच गेली.

"झालं काका, आता बघा इकडं."

काका हलेनात. "थांबा म्याडम, या ताई बोलत्यात ना!"