छत्रीच्या कापडाचे पंख

तासगावच्या स्टँडवर सांगलीची गाडी अजून लागली नव्हती. बाकावर हरणाबाईच्या शेजारी एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याची नात टेकली होती. नातीच्या मांडीवर डायनासोरच्या काळातल्या एका प्राण्याचा मातीचा नमुना होता. त्याला छत्रीच्या कापडाचे पंख होते. तिच्या हातात दोन चिठ्ठ्या होत्या. हरणाबाईचे कान आपसूक तिकडे वळले.

"आबा, कुठली चिकटवू? 'पंख मारून उडायचा' का 'नुसता तरंगायचा'?"

"शाळंतल्या बाई काय म्हणत्यात?"

"तरंगायचा लिही म्हणत्यात. एवढं थोरलं धूड पंख मारंल व्हय? सांगलीच्या प्रदर्शनात हसतील म्हणं."

"आन् तुला काय वाटतं?"

"उडत असंल. पर पुरावा काय सांगू?"

"पुस्तकात सांगाडा हाय न्हवं? छातीचं हाड कसं हाय?"

"रुंद हाय. मधनं पुढं आलंय."

"मग झालं की! माळावर मेलेल्या घारी लय बघितल्यात मी. त्यास्नी तसंच हाड असतंय. पंख मारायचं मांस त्यालाच धरून ऱ्हातंय. नुसतं तरंगाय एवढं मांस कशाला गं?"

"बाई रागावल्या तर?"

"रागवू दे. हाडावर बोट ठिवून सांग."

"लाव बाई, लाव," हरणाबाईच्या तोंडून निघून गेलं.

पोरीनं पहिली चिठ्ठी डिंकानं चिकटवली.

"आबा, आपल्या माळावरनं गेला असंल का ह्यो?"

"गेला असंल की. केवढी सावली पडत असंल!"

"मग तवा कुणी बघितला?"

"कुणीच न्हाई. म्हणून तर तुला सांगाय जावं लागतंय."