पटावरची एकेचाळिसावी

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघी नणंद-भावजया बसल्या होत्या. भावजयीच्या मांडीवर तापाने मलूल झालेली दीड वर्षांची छकुली होती.

"अगं, हिच्यासाठी कारखान्यात खाडा केलास? मोठीला ठेवायचंस ना घरी!"

"ती शाळेत गेलीय, ताई."

"दहा वर्षांची घोडी, धाकटीला सांभाळायचं सोडून शाळेत?"

"दोन महिने ठेवली होती की घरी. मग तिच्या बाई दारात आल्या. म्हटलं, आता आपली बिनपाण्याने होणार."

"झाली?"

"छे! म्हणाल्या, उद्यापासून धाकटीलाही पाठवा."

"वर्गात? आणि रडली तर?"

"ज्याचं गणित आधी सुटेल त्याने हिला व्हरांड्यात फिरवून आणायचं. आता सगळ्यांनाच गणिताची घाई!"

"धन्य आहे बाईंची!"

"हजेरीत चाळीस नावं झाली की एकेचाळिसावं हिचं घेतात. ही लगेच हात वर करते."

"अन् मोठी?"

"तेव्हापासून एक दिवस चुकली नाही. आज मात्र अडून बसली, छकुलीजवळ थांबते म्हणून. मीच पिटाळली. म्हटलं, तुझ्या बाई एवढ्या चाळीस पोरांत हिला सांभाळतात, मला एक दिवस जमणार नाही?"

"तुझा मुकादम ओरडेल उद्या."

"ओरडू दे."

तेवढ्यात नर्सने दारातून नाव पुकारलं, "छकुली!"

आईच्या खांद्यावर मान टाकूनच छकुलीने हात वर केला.