शंभर फडकी

— तर सरक जरा, कोर्टाचं बाक काही तुझ्या बापाचं नाही. आणि ते गाठोडं असं छातीशी काय धरून बसलीयस, तान्हं मूल असल्यासारखं? ठेव खाली. पळवायचं असतं तर दहा दिवस माझ्याच घरी होतं ना — भाऊजींना दवाखान्यात ठेवलंस तेव्हा कोणाच्या हाती दिलंस? थोरल्या जावेच्या. आज सकाळी दारात परत दिलं की नाही तुला, गाठ मारून? मग!

पुरावा? ठाऊक आहे मला, पुरावा आहे तो. शंभर दिवस, रोज एक पांढरं फडकं दोरीवर घालायचं, संध्याकाळी काढायचं, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं तारीख घालायची. प्रदूषणवाल्या साहेबांचं यंत्र म्हणतं, वीज कंपनीचा धूर नियमात आहे — का नाही म्हणणार, साहेब यायचे त्या दिवशी धुरांडं निम्म्यावर आणतात, तिथल्या ऑफिसात फरशी पुसते मी, आदल्या दिवशीच कळतं — बरं, ते जाऊ दे. तर यंत्र खोटं आणि तुझी फडकी खरी, असं तुझ्या वकिलानं सांगितलं, आणि जज्जसाहेब म्हणाले, आणा, माझ्यासमोर उघडा. वा! पेपरात फोटो आला बाईसाहेबांचा. आठवी शिकलेली, अर्ज घडाघडा वाचते. मी चौथी. सासूबाईंचं मरेपर्यंत एकच — धाकटीकडून शीक, धाकटीकडून शीक. शिकले बघ.

धुतली मी ती.

अशी बघू नकोस. धुतली, सगळी. मळकं कापड घरात ठेवायची सवय नाही मला, बावीस वर्षं लोकांची घाण काढतेय, हात आपोआप चालतो — असं सांगेन आत, विचारलंच तर. अडाणी बाई, चूक झाली, साहेब. रडेनसुद्धा. तारखा मात्र शाबूत आहेत हं! पक्का दोरा वापरलास. शंभर तारखा, तुझ्याच हाताच्या, आणि कापड बघशील तर बगळ्यासारखं पांढरं. कंपनीच्या वकिलाला तोंड उघडायची गरज नाही. तूच केस जिंकून दिलीस त्यांना.

कोणी सांगितलं नव्हतं मला, शपथ. कंपनीचे मोठे साहेब एवढंच म्हणाले, जावेचं गाठोडं तुमच्याकडे आहे म्हणे — आणि लगेच, तुमचा मुलगा गेटवर आहे ना, त्याला कायम करायचं बघतोय. बस्स. चहा पाजला. मला, खुर्चीत बसवून. तू पाजलास कधी?

आणि सोपं नव्हतं ते, सांगते. तीन बादल्या काळंकुट्ट पाणी गेलं, चौथीत कुठे फडकं ओळखू आलं. मोरी अजून काळी आहे, घासून निघत नाही. नात उभी होती शेजारी, पाण्यात बोट घालून म्हणते, आजी, माझ्या रुमालावर येतं तसलंच आहे गं हे — पोर आहे, काहीही बडबडते. सर्दी आहे तिला. दोन वर्षं झाली म्हणून काय झालं? सर्दीच आहे! तू बोलू नकोस त्यावर, एक शब्द नाही. कंपनी बंद पडली तर माझ्या घरात चूल कोण पेटवणार, तुझा नवरा? त्याला दोन पायऱ्या चढवत नाहीत.

गाठीशी खेळू नकोस. मी मारलेली आहे, तुला सुटायची नाही. वकिलाला सांगतेस? सांग की. हे बोलणं झालंच नाही, मी बाकावर एकटीच बसले होते.

बघ, पुकारा झाला. तुझंच नाव. ऊठ.

थांब. खांद्यावर काळं पडलंय तुझ्या, सकाळी येताना पडलं असणार. इकडे हो — हं. झटकलं. आता काही दिसत नाही.

जा.